डीव्हीडीवरील चित्रण लिनक्स संगणकावर उतरवताना

लग्न, मुंज, वास्तुशांत अशा समारंभांचे चित्रण डीव्हीडीवर उतरवून घेण्याची पद्धत २००० नंतरच्या दशकात शहरांतून घरोघरी रूढ झाली. त्या तबकड्या आज कपाटात असल्या, तरी नव्या संगणकांत त्या वाचणारा ड्राइव्ह बहुधा नसतो. शिवाय घरगुती चित्रणाच्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन व दमट हवा यांनी तो कालांतराने खराब होतो. चित्रण संगणकावर उतरवून घेणे म्हणूनच निकडीचे आहे. लिनक्स प्रणालीवर हे काम विनामूल्य सॉफ्टवेअरने होते. मात्र रूपांतर घाईने केले, तर हाती आलेली फाइल मूळ चित्रणाहून निकृष्ट ठरते, आणि चूक उमगेपर्यंत तबकडी वाचण्याच्या पलीकडे गेलेली असू शकते.

पहिले काम रूपांतराचे नव्हे, तर तबकडीची जशीच्या तशी प्रतिमा घेण्याचे. तबकडीवर ओरखडे असतील, तर ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो आधी चांगला भाग वाचून घेतो, मग बिघडलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि कुठवर मजल आली याची नोंद ठेवतो. काम मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येते.

तबकडीवर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचे फोल्डर असते. त्यातील व्हीओबी फाइलींमध्ये चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके एकत्र गुंफलेली असतात. आयएफओ फाइलींमध्ये प्रकरणे, भाषा, क्रम यांची माहिती असते. एका व्हीओबी फाइलीचा आकार १ जीबीपेक्षा अधिक नसतो, त्यामुळे सलग चित्रणाचेही तुकडे पडतात. नवख्या माणसाची चूक नेमकी इथे होते. तो पहिली मोठी फाइल रूपांतरित करतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी, ऐन मंगलाष्टकांत, चित्र संपते. ‘हॅण्डब्रेक’ या प्रोग्रॅमला एकेक फाइल न देता संपूर्ण फोल्डर किंवा प्रतिमा दिली, तर तो आयएफओ वाचून तुकडे योग्य क्रमाने जोडतो. कमांडवर चालणाऱ्या ‘एफएफएमपेग’ला सुट्या व्हीओबी दिल्यास जोडणी आपणच करावी लागते. शिवाय स्पष्ट सूचना नसेल, तर तो अनेक ध्वनिपट्ट्यांपैकी एकच उचलतो.

सर्वाधिक नुकसान होते ते चित्राच्या ओळींमुळे. भारतातील दूरचित्रवाणीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि कॅमकॉर्डरवरील चित्रणात प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत विभागलेले असते : एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. हे दोन अर्धे भाग वेगवेगळ्या क्षणांचे असतात. जुन्या टीव्हीवर ते डोळ्यांना जाणवत नसे. संगणकाच्या पडद्यावर मात्र हलणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. ते काढण्यासाठी एफएफएमपेगमध्ये ‘याडिफ’ आणि ‘बीडब्ल्यूडिफ’ ही गाळणी आहेत, तर हॅण्डब्रेकमध्ये ‘डीकॉम्ब’ आहे. ही प्रक्रिया चित्राचा आकार बदलण्यापूर्वीच करावी. नंतर केल्यास ओळी एकमेकींत मिसळून जातात आणि दोष कायमचा राहतो. चित्रपटाच्या फिल्मवरून केलेल्या डीव्हीडीत दोन्ही अर्धे भाग बहुधा एकाच क्षणाचे असतात, तिथे या गाळणीची गरज सहसा पडत नाही.

पाल डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते. चार-तीन प्रमाणाचे असो की सोळा-नऊ, बिंदूंची संख्या तीच. खरे प्रमाण वेगळ्या खुणेने नोंदलेले असते. ती खूण हरवली, की नवरदेवाचा चेहरा बेढब दिसतो.

डीव्हीडीतील एमपेग-२ चित्रण एच.२६४मध्ये नेल्यास जागा बरीच वाचते. ‘एक्स२६४’ एन्कोडरमध्ये दर्जाचा आकडा जितका लहान, तितके चित्र चांगले व फाइल मोठी. डीव्हीडीसाठी १८ ते २२ हा पल्ला योग्य. परंतु हे संकोचन परतीचे नाही : गाळलेला तपशील पुन्हा मिळत नाही. डिस्क स्वस्त झालेल्या काळात मूळ प्रवाह पुन्हा एन्कोड न करता मात्रोस्का फाइलीत ठेवणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते. डीव्हीडीची उपशीर्षके म्हणजे अक्षरे नसून चित्रे असतात, तीही मात्रोस्कात सामावतात.

विकत घेतलेल्या चित्रपटांची गोष्ट निराळी. त्यांतील बहुतेकांवर सीएसएस हे ४० बिटांच्या किल्लीचे कुलूप असते. ते न उघडता फाइली नुसत्या उतरवल्या, तर चित्राचे चौकोनी तुकडे दिसतात. हे कुलूप १९९९ मध्ये फुटले. त्या प्रकरणी नॉर्वेच्या जॉन लेक योहानसेनवर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. लिनक्सवर ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ हे काम करते, पण अनेक वितरणांत ते आधीपासून बसवलेले नसते. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण भेदणाऱ्याला त्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. घरच्या लग्नाच्या तबकडीवर असे कुलूप नसते.