पंचगंगा घाटावर

काशीत मी एकटाच होतो. पंचगंगा घाटावर नावाड्याने वरची मशीद दाखवून ‘माधोराय का धरहरा’ म्हटले आणि माझी मराठी छाती उगीच फुगली. पेशव्यांचे नाव! पण माधोराय म्हणजे बिंदुमाधव. ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने १६६५ साली त्याचे भव्य देऊळ पाहिले होते. पुढे औरंगजेबाच्या कारकीर्दीत ते पाडून तेथे मशीद उठली. तिचे उंच मनोरेही आता नाहीत. नाव मात्र देवाचेच राहिले. देव शेजारीच, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेल्या साध्याशा देवळात आहे. घाटावर अहिल्याबाईंचा दगडी दीपस्तंभ, ‘हजारा’. त्याच्या एका कोनाड्यात बोट फिरविले, तर काजळी लागली. कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा यावे म्हणतो.