मराठी रहस्यकथा: अर्णाळकरांच्या झुंजारपासून आकेरीच्या वाड्यापर्यंत, आणि नवी कादंबरी वाचल्यावर काय बोलायचं, काय नाही

आवडत्या लेखकाची नवी डिटेक्टिव्ह कादंबरी वाचून संपली की पहिली इच्छा होते ती कुणाशी तरी बोलायची. पण बोलायचं कसं? खुनी कोण ते सांगितलं तर समोरच्याची मजा गेली, आणि नाही सांगितलं तर गप्पा अर्ध्यावरच अडतात.

मराठी वाचकापुढे याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. आवडत्या लेखकाची 'नवी' रहस्यकादंबरी येते कधी? एकेकाळी ती जवळजवळ दर पंधरवड्याला यायची. मग पुढे काय झालं? आणि सिंधुदुर्गाचा या सगळ्याशी काय संबंध? समजून घेऊ.

रहस्यकथा, गूढकथा आणि भयकथा: फरक काय?

तिन्ही शब्द आपण सर्रास एकाच अर्थानं वापरतो, पण वाचकाला त्या वेगवेगळं वचन देतात.

रहस्यकथेत एक गुन्हा असतो, तो कुणीतरी माणसानंच केलेला असतो आणि शेवटी त्याचा उलगडा होतो. बाबूराव अर्णाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर ही या प्रकारातली मोठी नावं.

गूढकथेत उलगडा होईलच असं नाही. शेवटी एक शंका मागे राहते आणि तीच तिची गंमत असते. रत्नाकर मतकरी यांचं नाव इथे आधी येतं.

भयकथेत अमानवी शक्ती खरीच असते. नारायण धारपांचा वाचक हे मान्य करूनच पुस्तक उघडतो.

इंग्रजी रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये डिटेक्टिव्ह कथेचे दहा नियम मांडले. त्यातला एक नियम असा की भूतखेत, दैवी शक्ती यांना कथेत थारा नको. दुसरा असा की डिटेक्टिव्हला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे. थोडक्यात, ही लेखक आणि वाचक यांच्यातली स्पर्धा आहे आणि त्यात लेखकानं लबाडी करायची नाही.

१०९२ पुस्तकं लिहिणारा माणूस

बाबूराव अर्णाळकर हे टोपणनाव. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. १९३६ ते १९८४ या काळात त्यांची १०९२ छोटेखानी रहस्यकथांची पुस्तकं प्रसिद्ध झाल्याची नोंद गिनीज बुकात झाली. सरासरी काढली तर महिन्याला जवळपास दोन पुस्तकं.

त्यांचे नायक ठरलेले होते. झुंजार आणि त्याची विजया, धनंजय आणि छोटू, काळा पहाड. बऱ्याच कथांचा सांगाडा इंग्रजी पुस्तकांवरून घेतलेला असायचा, पण माणसं आणि भाषा मराठी असायची. पुस्तक आकारानं लहान, किमतीला स्वस्त आणि एका बैठकीत संपणारं.

वाचकाचं नातं इथे एखाद्या पुस्तकापेक्षा नायकाशी जास्त होतं. "झुंजारचं नवीन आलंय का?" असा प्रश्न विचारला जायचा. आज आपण वेब सीरिजच्या पुढच्या सीझनची वाट बघतो, तसंच हे.

अर्णाळकरांचं निधन १९९६ मध्ये झालं.

पुढची पिढी: कॅप्टन दीप, अमर विश्वास आणि फास्टर फेणे

गुरुनाथ नाईकांनीही शेकड्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. कॅप्टन दीप आणि गोलंदाज हे त्यांचे गाजलेले नायक. त्यांचं निधन २०२१ मध्ये झालं.

सुहास शिरवळकरांना आजची पिढी 'दुनियादारी'मुळे ओळखते. पण त्यांच्या वाचकांचा एक मोठा गट बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, दारा बुलंद आणि फिरोज इराणी यांचा होता. अमर विश्वासच्या कथांमध्ये उलगडा कोर्टात व्हायचा, त्यामुळे पुरावा, साक्ष, उलटतपासणी यांना महत्त्व आलं.

मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, उभा केला. २०१७ मध्ये त्याच्यावर चित्रपट आला, अमेय वाघ त्यात नायक होता.

मग ही परंपरा आटली का? पुस्तकांपुरतं बोलायचं तर वेग नक्कीच मंदावला. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्या बंद होत गेल्या. टीव्ही आणि नंतर मोबाईल आला. उलगड्याची भूक मात्र कमी झाली नाही. त्याचा पुरावा सिंधुदुर्गातच सापडतो.

आकेरीचा वाडा: भूत की माणूस?

२०१६ मध्ये झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात झालं. सुरुवातीलाच अण्णा नाईकांचा मृत्यू होतो, विखुरलेलं कुटुंब वाड्यात जमतं, जमिनीच्या वाटणीचा विषय निघतो आणि एकामागून एक विचित्र गोष्टी घडू लागतात. संवादांत मालवणी होती आणि मालवणी समजत नसलेल्या घरांतही मालिका पाहिली गेली.

प्रेक्षकांचा रोजचा वाद एकच: हे भूत करतंय की घरातलंच कुणीतरी? म्हणजे रहस्यकथा की भयकथा?

हा वाद फक्त करमणुकीपुरता राहिला नाही. मालिकेतून कोकणाचं चित्र अंधश्रद्धाळू असं उभं राहतंय, असा आक्षेप सिंधुदुर्गातूनच घेतला गेला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला होता, त्यामुळे विषय नाजूक होता.

रहस्यकथेचे नियम इथे उपयोगी पडतात. विचित्र घटनेमागे शेवटी माणूस आणि त्याचा स्वार्थ निघाला, तर कथा अंधश्रद्धेच्या विरोधात जाते. भूत खरंच निघालं, तर ती भयकथा होते. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता भुतं होऊनच वावरले, तेव्हा तो प्रश्नच निकालात निघाला.

मालवण रहस्यकथेला इतकं का जुळतं?

अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३९ च्या गाजलेल्या कादंबरीत दहा माणसं एका बेटावर अडकतात. वादळामुळे बोट येत नाही. खुनी बाहेरून येऊ शकत नाही, म्हणजे तो दहांतलाच. संशयितांची यादी बंद करण्याची ही जुनी युक्ती.

मालवणच्या किनाऱ्यावर ही परिस्थिती दरवर्षी आपोआप तयार होते. पावसाळ्यात समुद्र खवळला की सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवा बंद असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. आणि किल्ल्यात तर काही कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. त्यात सामाईक सातबारा, मुंबईला गेलेले भाऊ आणि वर्षभर बंद असलेलं घर धरा. हेतू, संधी आणि मर्यादित संशयित, तिन्ही गोष्टी तयार.

मराठी लेखकाला इंग्लंडचं बेट उसनं आणण्याची गरज नाही.

नव्या कादंबरीवर बोलताना रहस्य कसं सांभाळायचं?

लंडनमध्ये १९५२ पासून ख्रिस्ती यांचं 'द माउसट्रॅप' हे नाटक होत आलंय. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती केली जाते: खुनी कोण ते बाहेर सांगू नका. बहुतेक लोक ती पाळत आले.

पोस्ट टाकताना एवढं लक्षात ठेवा:

• गुन्हा कोणता, कुठे घडला आणि तपास कोण करतंय, हे सांगायला हरकत नाही. ते पहिल्या काही पानांतच असतं.

• "शेवट धक्कादायक आहे" हेही सांगू नका. वाचक मग पहिल्या पानापासून धक्काच शोधत बसतो.

• लेखक वाचकाशी प्रामाणिक राहिला का, यावर बोला. ख्रिस्ती यांच्या १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'वर हाच वाद झाला होता. काहींना शेवट म्हणजे फसवणूक वाटली, काहींना कमाल. खुनी कोण ते न सांगताही हा वाद घालता येतो.

• उलगड्यावर बोलायचंच असेल, तर पहिल्या ओळीत तसा इशारा द्या.

जुनी पुस्तकं पीडीएफमध्ये फॉरवर्ड केली तर?

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. त्या हिशेबानं अर्णाळकरांची पुस्तकं २०५६ अखेरपर्यंत, तर शिरवळकरांची २०६३ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ग्रुपवर फिरणारी त्यांची स्कॅन केलेली फाइल परवानगीशिवाय असेल, तर ती बेकायदा आहे. शेरलॉक होम्सच्या मूळ इंग्रजी कथा मात्र मोकळ्या आहेत, कारण आर्थर कॉनन डॉयल १९३० मध्येच गेले. त्यांच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असू शकतो.

अडचण अशी की या पुस्तकांचा कागद स्वस्त होता, प्रती हातोहात फिरून फाटल्या आणि बहुतेकांची पुन्हा छपाई झाली नाही. म्हणून गावातलं सार्वजनिक वाचनालय महत्त्वाचं. राज्यात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार मान्यताप्राप्त वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, आणि जुन्या कपाटांत अशा कादंबऱ्या अजूनही सापडू शकतात. रद्दीत निघालेली पुस्तकं विकण्याआधी ग्रंथपालांना एकदा दाखवा. एखाद्या कादंबरीची शिल्लक प्रत तीच असू शकते.