मानेतली नस आणि ऑपरेशनचा हिशोब

मंडळी, जबड्याखाली, कंठाच्या बाजूला बोट ठेवा. जी नस उडतेय ती कॅरोटिड, मेंदूला रक्त पोचवणारी. तिच्यात चरबीचा थर साचला आणि त्याचा तुकडा सुटून वर गेला की लकवा.

मग थर खरवडून काढा की! पण खरवडतानाच तुकडा सुटू शकतो. म्हणजे ज्याच्या भीतीने ऑपरेशन करायचं, तो लकवा टेबलावरच यायचा. या ऑपरेशनचा सगळा इतिहास याच पेचाचा आहे.

१९५४, लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल. ६६ वर्षांच्या एका बाईंना पाच महिन्यांत ३३ झटके आलेले, दर वेळी थोड्या वेळात ठीक. नस बंद केली तर मेंदू उपाशी राहणार, म्हणून डॉक्टरांनी त्यांना बर्फाच्या पिशव्या लावून २८ अंशांपर्यंत थंड केलं. २८ मिनिटं त्या नसेतलं रक्त बंद. खराब भाग कापला, टोकं जोडली. बाई बऱ्या झाल्या. (ह्यूस्टनच्या डिबेकींनी १९५३ मध्येच असं ऑपरेशन केलं होतं, पण छापलं थेट १९७५ ला. गाजलं लंडनचं.)

मग लाटच आली. १९८५ मध्ये एकट्या अमेरिकेत लाखावर ऑपरेशनं! आणि १९८८ ला जुन्या केसेस तपासल्या तर जवळपास एक तृतीयांश करायलाच नको होती. शंभरातले दहाएक जण महिनाभरात दगावले किंवा कायमचे अधू झाले. ऑपरेशन आधी पसरलं, नीट मोजणी नंतर. हे मला फार खटकतं.

मोजणी आली १९९१ मध्ये. झटका येऊन गेलेला, नस ७० टक्क्यांहून जास्त अरुंद: नुसत्या औषधांवर दोन वर्षांत शंभरातल्या २६ जणांना त्या बाजूचा स्ट्रोक, ऑपरेशन केलेल्यांत ९. झटका न आलेल्यांत फायदा बराच कमी, पाच वर्षांत ११ वरून ५. म्हणून ठरलं, ऑपरेशनचा धोका पहिल्या गटात ६ टक्क्यांच्या आत हवा, दुसऱ्यात ३ च्या.

आता हे आपल्या चिखल्यात आणून बघा. समजा मॅंगनीज खाणीतून पाळी करून आलेल्या माणसाचा हात दहा मिनिटं लुळा पडला आणि सुटला. दुखत तर काहीच नाही. घरचे म्हणणार, थकवा आहे, झोपा. पण ऑपरेशनचा जास्तीत जास्त फायदा पहिल्या दोन आठवड्यांतच असतो, आणि इथून तुमसर, भंडारा, मग नागपूर. आपल्याच पूर्व विदर्भात, गडचिरोलीच्या ८६ गावांत ‘सर्च’ने पाहिलं, तर दर सात मृत्यूंतला एक स्ट्रोकचा होता.

नागपुरात सर्जनसमोर बसलात तर सरळ विचारा: डॉक्टरसाहेब, तुम्ही केलेल्या अशा शंभर ऑपरेशनांत लकवा किती जणांना आला?