माणशी दीड ठिपका

१ ऑक्टोबर १९९२ रोजी रुमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. दहाच दिवसांत अमेरिकेत एचबीओनं तो टीव्हीवर दाखवला आणि २००५मध्ये त्याची डीव्हीडी आली. १ नोव्हेंबर १९९६ रोजी, शुक्रवारी, मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात त्याचा कार्यक्रम झाला. त्याची अधिकृत कॅसेट, सीडी, डीव्हीडी असं काहीच आजवर आलेलं नाही. इंटरनेटवर बातम्यांचे आणि हौशी कॅमेऱ्यांचे तुकडे सापडतात, तेवढंच. म्हणजे आपल्या राज्यातली एवढी गाजलेली रात्र आपल्याला बघता येत नाही आणि बुखारेस्टची रात्र फोनवर कधीही बघता येते. या लेखात मी बुखारेस्टच्या रेकॉर्डिंगचं परीक्षण करणार आहे, पण ते बघताना मनात मुंबई आहे.

रेकॉर्डिंग साधारण दोन तासांचं आहे. दिग्दर्शक अँडी मोराहान. सुरुवातीला जॅक्सन स्टेजच्या पोटातून एकदम वर उडतो, धूर आणि ठिणग्यांमध्ये उभा राहतो आणि मग काहीच करत नाही. काळा गॉगल, वळलेल्या मुठी. जवळजवळ दोन मिनिटं तो हलत नाही. मग मानेला एक झटका. मग गॉगल काढतो. मग 'जॅम' सुरू होतं.

गायकाच्या कार्यक्रमात पहिली दोन मिनिटं गाणंच नाही. मग कॅमेरे काय दाखवतात? माणसं दाखवतात. रडणारी, ओरडणारी, बेशुद्ध पडलेली, सुरक्षारक्षकांनी डोक्यावरून उचलून नेलेली. मैदानात सुमारे सत्तर हजार लोक होते. पुढच्या दोन तासांत कॅमेरा पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे येतो. 'शीज आउट ऑफ माय लाइफ'च्या वेळी प्रेक्षकांतली एक मुलगी स्टेजवर येते, जॅक्सनला मिठी मारते आणि सोडायलाच तयार नसते. शेवटी तिला ओढून न्यावं लागतं.

रेकॉर्डिंगमधला सगळ्यात चांगला भाग 'बिली जीन'. एक माणूस, एक प्रकाशझोत, मागे काळोख. इतर गाण्यांत दर दोन-तीन सेकंदांना शॉट बदलतो, इथे कॅमेरा जरा थांबतो आणि पायांचं काम नीट दिसतं. सगळ्यात कमकुवत भाग शेवटाकडचा. लहान मुलं, पृथ्वीचा गोल, जगाला बरं करण्याचा संदेश. चाल सुंदर आहे, पण तासभर घामाघूम नाचल्यानंतर अचानक शाळेच्या स्नेहसंमेलनात आल्यासारखं वाटतं. अगदी शेवटी जॅक्सन अंतराळवीराचा पोशाख चढवतो आणि पाठीवरच्या रॉकेटच्या जोरावर स्टेडियमबाहेर उडून जातो. उडणारा माणूस जॅक्सन नसतो. पोशाख घालताना जादूगारासारखी अदलाबदल होते आणि उडतो तो प्रशिक्षित स्टंटमन. हे माहीत असूनही तो शॉट बघताना अंगावर काटा येतो.

लाइव्ह रेकॉर्डिंगची गंमत इथेच आहे. 'लाइव्ह' या शब्दाचा अर्थ 'जसं झालं तसं' असा आपण घेतो. पण एचबीओवरची आणि ब्रिटनच्या बीबीसीवरची, या एकाच रात्रीच्या दोन आवृत्त्यांमध्ये शॉट वेगवेगळे आहेत. कोणत्या क्षणी गायक दाखवायचा आणि कोणत्या क्षणी गर्दी, हे कुणीतरी टेबलापाशी बसून ठरवलेलं आहे.

तरीही या रेकॉर्डिंगमधली गर्दी खोटी वाटत नाही, आणि त्याला इतिहास आहे.

२१ डिसेंबर १९८९ रोजी हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू बुखारेस्टच्या राजवाड्यासमोरच्या चौकात भाषण करत होता. टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू होतं. गर्दी टाळ्या वाजवायला आणलेली होती. तिच्यातून अचानक आरडाओरडा आणि हुर्यो सुरू झाली. चाउशेस्कू बोलता बोलता थबकला, हात वर करून उभा राहिला आणि प्रक्षेपण तोडण्यात आलं. चार दिवसांनी, २५ डिसेंबरला, त्याला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घालण्यात आल्या.

त्याआधीची काही वर्षं रुमानियात टीव्ही रोज जेमतेम दोन तास चालायचा आणि त्यातही बराच वेळ चाउशेस्कूच. लोकांनी यावर उपाय शोधला होता, व्हीसीआर. चोरून आणलेल्या परदेशी सिनेमांच्या कॅसेट रात्री कुणाच्या तरी घरी दारं लावून बघितल्या जायच्या. इरिना निस्तोर नावाची एक बाई या सिनेमांवर रुमानियन संवाद बोलायची. नायक, नायिका, खलनायक, सगळ्यांचा आवाज तिचाच. असे हजारो सिनेमे तिनं केले. १९९२मध्ये त्या मैदानात उभ्या असलेल्या अनेकांनी बाहेरचं जग आधी असं, घरातल्या कॅसेटवर बघितलेलं होतं. आता ते जग समोर उभं होतं आणि गॉगल काढत होतं. तीन वर्षांपूर्वी या शहरात गर्दी ओरडायला लागल्यावर टीव्हीनं चित्र तोडलं होतं. या वेळी गर्दी ओरडत होती म्हणून कॅमेरा तिच्याकडे वळत होता.

रात्री दारं लावून कॅसेट बघणारी ही माणसं मराठवाड्यातल्या वाचकाला परकी वाटू नयेत. इथे सेन्सॉरची भीती नव्हती, पण व्हीसीआर भाड्यानं आणायची पद्धत होती. १९८२च्या एशियाडच्या सुमाराला देशात रंगीत टीव्ही आला आणि त्याच दशकात व्हीसीआर पसरला. लग्न, बारसं, गणपती, काहीही निमित्त चालायचं. टीव्हीसकट व्हीसीआर यायचा, अंगणात सतरंजी पडायची आणि भाडं वसूल करायला एका रात्रीत तीन-तीन सिनेमे बघितले जायचे. आमच्या शहराचा, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा, तेव्हाच्या औरंगाबादचा, तर यात आणखी जवळचा संबंध होता. पैठण रस्त्यावर चितेगावला धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचा कारखाना होता. ऐंशीच्या दशकात जपानच्या तोशिबाच्या तांत्रिक सहकार्यानं तिथे रंगीत टीव्ही बनू लागले. जगाकडे बघायची खिडकी आमच्याच गावाबाहेर जोडली जात होती. २०१८मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

माझ्या पिढीच्या वाट्याला कॅसेटपेक्षा व्हीसीडी आली. दोन तासांची मैफल दोन डिस्कमध्ये, कारण एका डिस्कवर ७४ मिनिटंच मावायची. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून या डिस्कचं गणित इथे मांडतो. त्यात एक गोष्ट दडलेली आहे.

आपल्याकडच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असायचं. म्हणजे एकूण एक लाखापेक्षा थोडे जास्त ठिपके. बुखारेस्टच्या मैदानाचा वरून घेतलेला शॉट घ्या. सत्तर हजार माणसं, एक लाख ठिपके. अख्खं चित्र फक्त माणसांनी भरलं असं धरलं तरी माणशी दीड ठिपकाही येत नाही.

हे झालं ठिपक्यांचं. व्हीसीडीवर एका सेकंदाच्या चित्रासाठी सुमारे साडेअकरा लाख बिट मिळायचे. सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण पावणेसहा किलोबाइट. मूळ चित्र याच्या सव्वीस पट मोठं असतं. ते एवढं आवळायचं कसं? युक्ती अशी की चित्राचे चौकोनी तुकडे पाडायचे आणि आधीच्या चित्रापेक्षा जेवढं बदललं तेवढंच लिहायचं. बातम्या देणारी बाई, मागची भिंत, टेबलावरचा पेन यांत फारसं बदलत नाही, त्यामुळे काम भागतं. पण धूर, चमकणारे दिवे आणि हवेत हलणारे हजारो हात प्रत्येक क्षणी बदलतात. तेवढं लिहायला जागा नसते. मग डिस्क हात टेकते आणि पडद्यावर चौकोन दिसू लागतात.

आता 'बिली जीन' आठवा. काळोख आणि एकच माणूस. व्हीसीडीवर हे गाणं झकास दिसायचं. काळोखाला बिट लागत नाहीत, त्यामुळे सगळी जागा जॅक्सनला मिळायची. गर्दीचा शॉट आला की राखाडी-तपकिरी चौकोनांचा चिखल. ही कुणी मुद्दाम केलेली निवड नव्हती. ज्यात सतत बदल होतो ते आधी टाकून द्यायचं, असा त्या तंत्राचा स्वभाव होता. परिणाम एवढाच की मध्यमवर्गीय घरांमध्ये ज्यांनी अशा मैफली बघितल्या, त्यांना स्टार स्पष्ट आठवतो आणि माणसं आठवत नाहीत.

मुंबईच्या कार्यक्रमाचंही असंच झालं आहे. तिथे डिस्कच नव्हती, तरीही.

१९९६चा नोव्हेंबर कसा होता ते आधी बघू. आर्थिक उदारीकरणाला पाच वर्षं झाली होती. राज्यात मार्च १९९५पासून शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं, मुख्यमंत्री मनोहर जोशी. एमटीव्हीचं भारतीय चॅनेल ऑक्टोबरमध्येच सुरू झालं होतं. २३ नोव्हेंबरला बंगळूरमध्ये मिस वर्ल्ड स्पर्धा झाली आणि संस्कृती बुडते म्हणून तिच्याविरुद्ध मोठी आंदोलनं झाली. त्याच महिन्यात मुंबईत संस्कृतीच्या नावानं आक्रमक भूमिका घेणाऱ्या पक्षाच्याच घरातून जॅक्सनला आमंत्रण होतं. राज ठाकरे यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली शिवउद्योग सेना आणि विझक्राफ्ट ही कंपनी आयोजक होती. उद्देश होता बेरोजगार मराठी तरुणांना काम मिळवून देण्यासाठी निधी उभारणं. बाळासाहेब ठाकरे यांनी या कार्यक्रमाचं जाहीर समर्थन केलं.

आज या रात्रीबद्दल कुणालाही विचारा, चार गोष्टी हमखास सांगितल्या जातात. विमानतळावर नऊवारीत स्वागत करणारी सोनाली बेंद्रे, मातोश्रीवरची भेट, तिथल्या स्वच्छतागृहाचा किस्सा, हॉटेलच्या उशीवर केलेली सही. सगळ्या गोष्टी मोठ्या माणसांच्या. मैदानात उभी असलेली माणसं या आठवणींत कुठेच नाहीत. ती कुठून आली, तिकिटाचे पैसे कुणाकडून घेतले, त्यांपैकी किती जणांना नोकरी हवी होती? हे सांगणारं चित्र आपल्याकडे नाही.

या रात्रीची एक नोंद मात्र खूप टिकली. ती कराच्या फायलीत आहे. सरकारनं कार्यक्रमाचा करमणूक कर माफ केला होता. मुंबई ग्राहक पंचायतीनं याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ज्याच्या तिकिटातून नफा होतो त्या कार्यक्रमाला सार्वजनिक पैशातून सूट का, असा तो वाद होता. ३ कोटी ३६ लाख रुपये न्यायालयात जमा राहिले. २००९मध्ये जॅक्सन वारला. राज ठाकरे त्याआधीच शिवसेनेतून बाहेर पडले होते आणि २००६मध्ये त्यांनी वेगळा पक्ष काढला होता. २०११मध्ये उच्च न्यायालयानं करमाफी रद्द केली आणि सरकारला नव्यानं निर्णय घ्यायला सांगितलं. २०१७मध्ये जीएसटी आला आणि राज्याचा करमणूक करच त्यात विरून गेला. शेवटी जानेवारी २०२१मध्ये उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळानं पुन्हा करमाफी मंजूर केली. गायक नाही, कर नाही, आयोजक संघटना ज्या पक्षातून आली त्याचे तुकडे झालेले, आणि फाइल चोवीस वर्षांनी बंद.

मला ही फाइल बुखारेस्टच्या डीव्हीडीइतकीच महत्त्वाची वाटते. डीव्हीडी सांगते की नव्यानं उघडलेल्या शहरात लोकांना काय वाटलं. फाइल सांगते की नव्यानं उघडलेल्या राज्यात त्या वाटण्याची किंमत कुणी मोजायची यावर एकमत झालं नाही. एका ग्राहक संघटनेनं तो प्रश्न सोडला नाही, म्हणून ती रात्र किश्श्यांच्या पलीकडे उरली. पण फायलीत रक्कम असते, चेहरे नसतात. बुखारेस्टमध्ये निदान दीड ठिपका तरी आहे.

चेहरे मिळवायला अजून वेळ गेलेला नाही. तेव्हा विशीत असलेली माणसं आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांत मुंबईची आहेत, तशी साडेतीनशे किलोमीटरवरून गेलेली आमच्याकडचीही असतील. कुणाच्या कपाटात तिकिटाचा अर्धा तुकडा असेल, कुणाकडे बुरशी धरत चाललेली व्हीएचएस कॅसेट असेल. कॅसेटवरची चुंबकीय नोंद वर्षागणिक पुसट होते, तेव्हा ती आधी डिजिटल करून घ्या. आणि त्या माणसांशी बोलताना जॅक्सन कसा नाचला हे विचारू नका, ते बुखारेस्टच्या डीव्हीडीत दिसतं. तिकिटाचे पैसे कुठून आणले, सोबत कोण होतं, घरी काय सांगून गेला होता आणि तो स्टेजवर येईपर्यंत तुमच्या शेजारी कोण उभं होतं, हे विचारा.