उंबरठा आणि जबाबदारी

इंग्लंडांतील एका साखरेच्या कारखान्यांत गॅसचें उपकरण तपासावयास आलेला एक कारागीर वरच्या मजल्यावरील उघड्या पोकळींतून खालीं कोसळला. साखर वर-खालीं नेण्यासाठीं ठेवलेल्या त्या पोकळीस कठडा नव्हता. तो कारखानदाराचा नोकर नव्हता. मग त्याची काळजी कोणीं घ्यावयाची? १८६६ सालीं न्यायमूर्ति विल्स यांनीं निर्णय दिला कीं, कामानिमित्त आलेला मनुष्य स्वतः सावध असेल, तर असाधारण धोक्यापासून त्यास इजा होऊं नये एवढी वाजवी दक्षता जागा ताब्यांत असणारानें घेतलीच पाहिजे.

निर्णय न्याय्य होता. परंतु त्याच्या आधारानें पुढें आगंतुकांची एक उतरंडच उभी राहिली. अतिथीस देव मानणाऱ्या आपणांस नवल वाटेल, पण मित्राकडे जेवावयास गेलेला पाहुणा दुकानांतील गिऱ्हाइकाहून खालच्या पायरीवर होता! गिऱ्हाइकापासून लाभ असे. पाहुणा केवळ परवानगीनें आलेला. आपणांस ठाऊक असलेला छुपा धोका त्याला सांगितला कीं यजमान मोकळा. सर्वांत खालीं अर्थातच विनापरवाना शिरणारा.

या शेवटच्या पायरीवर मुलेंहि येत. १९२९ सालच्या ‘ॲडी विरुद्ध डंब्रेक’ या स्कॉटलंडमधील खटल्यांत खाणीच्या यंत्राच्या चाकांत सांपडून एक चार वर्षांचा मुलगा मरण पावला होता. त्या शेतांत मुलें खेळत व कुंपण अपुरें होतें. तरीहि, मुलगा अनधिकारानें आला होता, म्हणून लॉर्डांच्या सभेनें खाणवाल्यांस जबाबदार धरलें नाहीं. चार वर्षांच्या जीवास अधिकार-अनधिकार काय ठाऊक!

१९५७ च्या कायद्यानें गिऱ्हाईक व पाहुणा यांना एका पंक्तीस बसविलें. मुलें प्रौढांइतकीं सावध नसतात हें गृहीत धरावें, आणि कसबी कारागिरानें आपल्या धंद्यांतील नेहमींचे धोके स्वतः ओळखावे, असेंहि त्यांत सांगितलें. पण आगंतुक मूल बाहेरच राहिलें. मोडक्या कुंपणांतून शिरून विजेच्या रुळावर भाजलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा खटला १९७२ सालीं लॉर्डांपुढें आला, तेव्हां त्यांनीं सामान्य माणुसकीची कसोटी लावून रेल्वेस जबाबदार धरलें. १९८४ सालीं तिला कायद्याचें रूप आलें.

आपल्याकडे १९६३ सालींच सर्वोच्च न्यायालयानें, शौचकूपाच्या वाटेवर उघडी विजेची तार लावून शेजारणीच्या मृत्यूस कारण झालेल्या बिहारमधील गृहस्थाची शिक्षा कायम केली होती. बिनपरवाना आली म्हणून तिच्या जिवाचें मोल उणें झालें नव्हतें. आपली विहीर वा गच्ची उघडी टाकतांना, तेथें येण्याचा अधिकार कोणाला हें आपण विचारतों. तेथें कोण येऊं शकेल, हें विचारणें अधिक शहाणपणाचें.