पगार गुरुजींचा, पद शाळेचे

बारामतीच्या एसटी स्टँडवर असो की इंदापूरच्या बाजारात, जिल्हा परिषदेच्या शाळेचा विषय निघाला की निकाल आधीच लागलेला असतो. गुरुजींना भरमसाट पगार, संघटना भांडणार ती पगारासाठीच, आणि शाळेत पोरे किती तर दहा-बारा. मग वस्तीवरची शाळा बंद करा, नाहीतर तिथे कंत्राटी माणूस नेमा! हे मत पारावरच राहिले असते तर सोडून देता आले असते. पण मंत्रालयातून निघालेल्या कित्येक शासन निर्णयांच्या मुळाशी तेच आहे.

पूर्वपक्षात तथ्य आहे, तेवढे आधी मान्य करू. संघटना धुतल्या तांदळासारख्या नाहीत. त्यांत गट आहेत, गटांत उपगट आहेत; पतसंस्थेच्या निवडणुकीला जो जोर चढतो तो पटनोंदणीला चढताना दिसत नाही. मुख्यालयी राहण्याचा प्रश्न निघाला की भले भले नेते विषय बदलतात. १४ ते २० मार्च २०२३ या काळातला जुन्या पेन्शनचा संप तर सरळ स्वतःच्या म्हातारपणासाठी होता. पण यावरून संघटना सुधारावी एवढेच सिद्ध होते. शाळेतले पद काढून घ्यावे, हे कुठून आले?

आता खर्चाचा मुद्दा. स्वस्त शिक्षक ही काही नवी कल्पना नव्हे. महाराष्ट्राने ती पंचवीस वर्षे राबवून पाहिली आहे. २००० च्या सुमारास शिक्षणसेवक योजना आली: पहिली तीन वर्षे ठरावीक मानधन, मग नियमित वेतन. प्राथमिकचे हे मानधन २०२२ सरेपर्यंत महिना ६,००० रुपये होते. १ जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. त्याच सुमारास वस्तीशाळा निघाल्या आणि तिथल्या निमशिक्षकांना सुरुवातीला महिना १,००० रुपये मिळत. नियमित होण्यासाठी त्यांना २०१४ पर्यंत झगडावे लागले. ‘भरमसाट पगार’ म्हणणाऱ्याच्या हिशेबात ही वर्षे कधीच धरलेली नसतात.

इतके होऊनही ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे नेमका शिक्षकदिन साधून, शासन निर्णय निघाला: पट वीस किंवा त्याहून कमी असेल तर दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, मानधन १५,००० रुपये. ओरड झाल्यावर त्याच महिन्यात ही मर्यादा दहावर आणली गेली. २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. त्यांची मुख्य मागणी पाहा. ती वेतनवाढीची नव्हती. हा निर्णय आणि १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवण्याचा, निर्णय रद्द करा, अशी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंत्राटी नेमणुकीचा निर्णय मागे घेतला गेला. संघटना फक्त स्वतःपुरते पाहतात, हे विधान या एका प्रकरणापुढे टिकत नाही.

दुसऱ्या शिक्षकाचे महत्त्व वस्तीवर गेल्याशिवाय कळत नाही. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले आहेत, ते उगीच नव्हे. एक गुरुजी मतदारयादीच्या कामाला किंवा प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर पडतात. तो दुसरा कंत्राटाच्या भरवशावर आला असेल, तर बरी नोकरी मिळताच जाणारच. त्याला दोष तरी कसा द्यायचा? २०२३ मध्ये तर वस्तीवरच्या छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळांचा घाट घातला गेला आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पानशेतचा दाखला दिला गेला. पानशेतचे डोंगर वेगळे. नीरा डाव्या कालव्याकाठच्या वस्तीवरून सहा वर्षांचे मूल निघाले, तर त्याला हंगामात माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या चुकवत जायचे आहे.

‘शिक्षकांच्या मतांना सरकार घाबरते’ हाही एक लाडका समज. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मत आहे ते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. संविधानाच्या कलम १७१ मुळे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला ते नाही. पुणे विभागाच्या शिक्षक आमदाराला निवडताना तो केंद्रावर कर्मचारी म्हणून बसू शकतो, मत देऊ शकत नाही. सेवेच्या अटींवरही त्याला मत विचारले जात नाही, त्या शासन निर्णयाने येतात. मग रस्त्यावर उतरण्यावाचून त्याच्या हाती उरते काय?

राहिला प्रश्न खासगी शाळांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशातून सूट. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. म्हणजे फेब्रुवारीत ‘जवळ सरकारी शाळा आहे ना’ म्हणणारे सरकार सप्टेंबरात त्याच शाळेतला एक कायम शिक्षक काढायला निघाले! गरिबाने मग जायचे कुठे? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हाच हिशेब मांडला होता: तिजोरी भरते रयतेच्या घामातून, तर पैसा आधी तिच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर लागला पाहिजे.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला म्हणून एकच विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा विचारण्याचा हक्क तुमचाच आहे. पुढच्या ग्रामसभेत गुरुजींच्या पगाराची चर्चा जरूर करा, पण त्याआधी आपल्या शाळेत पदे मंजूर किती आणि भरलेली किती, हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.