धर्मगुरूवांचून दोनशें वर्षें

हुतात्म्यांचीं चरित्रें लिहिणें इतिहासकारांस नेहमींच आवडतें. कारण त्यांत प्रसंग असतो, धैर्य असतें आणि सर्वांस समजेल असा शेवटही असतो. परंतु जे मेले नाहींत, जे भ्याले, वांकले आणि तरीही आपली श्रद्धा मुलांच्या हातीं देऊन गेले, त्यांस इतिहासांत कोणतें स्थान द्यावें? हा प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षें टाळीत आलों. जपानांतील गुप्त ख्रिस्ती समाजाचा वृत्तान्त वाचल्यावर मात्र तो टाळतां येईना.

या वृत्तान्ताचा आरंभ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर होतो. अंजिरो नांवाच्या जपानी गृहस्थास १५४८ सालीं गोव्यांत बाप्तिस्मा मिळाला, व त्याला बरोबर घेऊन फ्रान्सिस झेव्हियर १५४९ च्या ऑगस्टांत कागोशिमा येथें उतरला. पुढील कांहीं दशकांत क्यूशू बेटावर नवा धर्म झपाट्यानें पसरला. मग राज्यकर्त्यांचें मन फिरलें. परकीय धर्माच्या आडून परकीय सत्ता येईल अशी त्यांस भीति वाटली. आणि त्या काळच्या पोर्तुगीज व स्पॅनिश लोकांची करणी पाहतां ती भीति अगदींच निराधार होती, असें आम्हांस म्हणवत नाहीं. १५९७ च्या ५ फेब्रुवारीस नागासाकी येथें सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यांत आलें. त्यांत वसईस जन्मलेला गोन्सालो गार्सिया हाही होता. १६१४ सालीं तोकुगावा सरकारनें देशभर ख्रिस्ती धर्मास बंदी केली, आणि १६४४ सालीं जपानांत उरलेला शेवटचा ज्ञात धर्मगुरु, कोनिशी मान्शो, याचाही अंत झाला.

येथून पुढें दोनशें एकवीस वर्षें या लोकांस ना गुरु, ना मंदिर, ना बाहेरच्या जगाचें पत्र. दरसाल नागासाकीकडील रहिवाशांस येशूचें किंवा मरियेचें चित्र असलेल्या पाटीवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाहीं हें सिद्ध करावें लागे. प्रत्येक कुटुंबाचें नांव बौद्ध मंदिराच्या वहींत असलेंच पाहिजे, असा दंडक होता. पांच पांच घरांचा गट करून एकाच्या गुन्ह्यास सर्वांना जबाबदार धरीत, आणि खबर देणाऱ्यास रुप्याचें बक्षीस मिळे. शेजाऱ्यानें शेजाऱ्यास भ्यावें, अशीच ही योजना होती.

अशा स्थितींत उराकामी गांवच्या शेतकऱ्यांनीं काय केलें? त्यांनीं कामें वांटून घेतलीं. एकानें पंचांग सांभाळून उपास केव्हां व सण केव्हां तें सांगावयाचें. एकानें नवजात बालकांस बाप्तिस्मा द्यावयाचा. एकानें घरोघर निरोप पोंचवावयाचा. लॅटिन व पोर्तुगीज शब्दांनीं भरलेल्या प्रार्थना, अर्थ पुसट झाला तरी, बाप मुलाकडून तोंडपाठ करवून घेई. मूल घेतलेली कान्नोन देवीची मूर्ति हीच त्यांची मरिया झाली. तुकोबांची गाथा इंद्रायणींत बुडविली तरी लोकांच्या मुखांत तरली, ही कथा ज्यांच्या घरीं सांगितली जाते, त्यांस या पाठांतराचें मोल निराळें सांगावयास नको.

पण पाटीवर पाय ठेवला, त्याचें काय? पाय ठेवून ते घरीं येत आणि अनुतापाची प्रार्थना म्हणत. धर्मगुरु मिळणें अशक्य असेल तेव्हां खऱ्या अनुतापानेंही ईश्वराची क्षमा मिळते, असें शिकविणारें एक लहानसें पुस्तक बंदीच्या अगोदरच जपानी भाषेंत झालें होतें. त्याच्या नकला पिढ्यान् पिढ्या लपवून ठेवल्या जात. ही केवळ सोयीची पळवाट, असें कोणी म्हणेल. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. परंतु ज्यानें धर्म खरोखरच सोडला, त्याला अनुताप कशाचा? दरसाल तोच अपराध आणि दरसाल तीच लाज! ती लाज त्यांनीं बोथट होऊं दिली नाहीं, यांतच त्यांची निष्ठा होती.

१८६५ सालीं फ्रेंच धर्मगुरूंनीं नागासाकी येथील परदेशी लोकांकरितां ओउरा येथें मंदिर उघडलें. १७ मार्च रोजीं उराकामीचीं पंधराएक माणसें त्याच्या दाराशीं आलीं. एका स्त्रीनें फादर पेतिजां यांस हळूच सांगितलें कीं, आमचें अंतःकरण तुमच्यासारखेंच आहे. आणि मरियेची मूर्ति कोठें आहे, असें विचारलें. पुढें बोलण्यांत असेंही निघालें कीं, त्यांचा शोककाल चालू असून तो त्याचा सतरावा दिवस होता. वाचकांनीं मोजून पाहावें. त्या वर्षीं ईस्टरपूर्वीच्या उपवासकालाचा आरंभ, राखेचा बुधवार, १ मार्चला होता. १७ मार्च हा सतरावाच दिवस येतो! दोन शतकांत पंचांग एका दिवसानेंही चुकलें नव्हतें.

त्यांची परीक्षा तेथें संपली नाहीं. बंदी अद्याप उठली नव्हती. १८६८ पासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांस दूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यांत आलें, व त्यांतील सहाशेंहून अधिक मृत्यु पावले. १८७३ सालीं बंदीचे फलक उतरल्यावर उरलेले परत आले. गांवच्या पाटलाच्या ज्या वाड्यांत त्यांच्या पूर्वजांस पाटीवर पाय ठेवावा लागे, तीच जागा विकत घेऊन त्यांनीं तेथें आपलें मंदिर उभारलें. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँबनें तें जमीनदोस्त झालें आणि गांवांतील हजारों ख्रिस्ती मारले गेले. १९५९ सालीं तें त्याच जागीं पुन्हां बांधून झालें.

वसईच्या गोन्सालो गार्सियास १८६२ सालीं संतपद मिळालें, तें योग्यच झालें. परंतु उराकामीचें पंचांग राखणारे ते शेतकरी कोणत्याही वेदीवर नाहींत. आशा म्हणजे उद्यां सुटका होईल हा भरंवसा, अशी आमची समजूत होती. सुटका पाहण्यास आपण असणार नाहीं हें ठाऊक असूनही जो आजचा दिवस बरोबर मोजून ठेवतो, त्याची आशा अधिक खोल असते, हें आम्हांस त्यांनीं शिकविलें. त्यांस भित्रे म्हणण्याचा अधिकार निदान आम्ही तरी सोडून दिला आहे.